डिफ्युजन एमआरआय म्हणजे काय? पाण्याच्या हालचालीवरून मेंदूची रचना कशी कळते?

मेंदूच्या एमआरआय रिपोर्टमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्युजन’ हे शब्द अनेकदा दिसतात. याचा सोपा अर्थ असा की, त्या भागातल्या पाण्याच्या रेणूंना हलायला पुरेशी मोकळीक नाही. स्ट्रोक म्हणजे पक्षाघाताच्या पेशंटसाठी ही माहिती फार मोलाची ठरू शकते.

रायगडावरचं उदाहरण

समजा, हिरकणीवाडीतून रोपवेने रायगडावर गेलेले पर्यटक खूप उंचावरून फक्त ठिपक्यांसारखे दिसत आहेत. भिंती, दरवाजे काहीच दिसत नाही. होळीच्या माळावर हे ठिपके चहूकडे फिरतील. बाजारपेठेत दोन्ही बाजूंना दुकानांचे चौथरे असल्याने ते मुख्यतः रस्त्याच्या दिशेनेच सरकतील. आणि हिरकणीच्या कथेप्रमाणे गडाचे दरवाजे बंद झाले, तर कितीही चालले तरी आतच राहतील.

म्हणजे नुसत्या हालचालीवरून मोकळं मैदान, अरुंद रस्ता आणि बंद दरवाजा ओळखता येतो. डिफ्युजन एमआरआय हेच पाण्याच्या रेणूंबाबत करतो.

मशीन नेमकं काय मोजतं?

शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा रेणू ५० मिलिसेकंदांत एका दिशेत साधारण १७ मायक्रॉन सरकतो. अनेक पेशींचा आकारही याच मापाचा असतो. एमआरआय चित्राचा एक ठिपका मात्र साधारण २ मिलिमीटरचा, म्हणजे त्यात हजारो पेशी मावतात. पेशी चित्रात दिसत नाही, पण तिच्या भिंतींमुळे पाण्याची हालचाल किती अडते, ते मोजता येतं.

त्यासाठी दोन चुंबकीय पल्स दिले जातात. पहिला रेणूवर त्याच्या जागेनुसार जणू खूण करतो, दुसरा ती पुसतो. रेणू जागेवरच असेल तर खूण पूर्ण पुसली जाते आणि सिग्नल टिकतो. तो सरकला असेल तर सिग्नल घटतो. म्हणूनच पाणी अडकलेला भाग चित्रात पांढरा दिसतो. ही पद्धत स्टेस्कल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये मांडली. १९८० च्या दशकात फ्रेंच डॉक्टर डेनी ल बिहान यांनी ती मेंदूच्या चित्रणात आणली.

स्ट्रोकमध्ये उपयोग काय?

रक्तपुरवठा तुटला की पेशींमधले सोडियम बाहेर टाकणारे पंप बंद पडतात. पाणी आत शिरतं, पेशी फुगतात आणि त्यांच्यामधली जागा आक्रसते. पाण्याची हालचाल मंदावते. १९९० मध्ये मायकल मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांवरच्या प्रयोगात दाखवलं की, हा बदल साध्या एमआरआयच्या कितीतरी आधी टिपता येतो.

झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली, तर स्ट्रोक कधी आला हे कळत नाही. अशा काही पेशंटना एमआरआयच्या आधारे गुठळी विरघळवणारं औषध दिल्यास फायदा होतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेक-अप’ चाचणीत दिसलं.

मेंदूतले ‘रस्ते’

मज्जातंतूंच्या जुड्यांमध्ये पाणी तंतूंच्या दिशेने जास्त सरकतं. १९९४ मध्ये पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ल बिहान यांनी ही दिशा मोजण्याचं गणित मांडलं. त्यावरून तयार होणारा रंगीत नकाशा मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनआधी सर्जनना उपयोगी पडतो. पण सोशल मीडियावर फिरणारे ते रंगीत धागे म्हणजे तंतूंचा फोटो नव्हे. तो अंदाज असतो आणि तंतू एकमेकांना छेदतात तिथे तो चुकू शकतो.

हे लक्षात ठेवा

पांढरा दिसणारा प्रत्येक भाग स्ट्रोक नसतो. मेंदूत पू साचला किंवा दाट पेशींची गाठ असली तरी असं दिसू शकतं. सुरुवातीचा छोटा स्ट्रोक कधी कधी निसटतोही. त्यामुळे निष्कर्ष डॉक्टरांनीच काढायचा असतो.

तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही अचानक झालं, तर एमआरआय कुठे होतो हे शोधत बसू नका. रक्तस्राव आहे का, हे बहुतेकदा आधी सीटी स्कॅनवरच पाहिलं जातं. गुठळीचं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हिरकणीवाडीसारख्या डोंगरपायथ्याच्या गावातून मोठं हॉस्पिटल गाठण्यातच बराच वेळ जातो. म्हणून लगेच १०८ ला फोन करा आणि पेशंट शेवटचा ठणठणीत किती वाजता दिसला होता, ती वेळ डॉक्टरांना सांगा.