सनद, संलग्नता आणि वास्तुवापर : अमेरिकेतील चर्चे व बालवीर पथके ह्यांच्या करारांचा इतिहास

धर्मसंस्थेने आपल्या वास्तूत मुलांच्या एखाद्या संघटनेस आश्रय दिला, म्हणजे त्या दोहोंत कोणते नाते निर्माण होते? एकाने जागा द्यावी व दुसऱ्याने ती वापरावी एवढेच ते नाते असते, की आश्रय देणारी संस्था त्या संघटनेच्या कारभारासही उत्तरदायी ठरते? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ एका शब्दाच्या आड झाकलेला राहिला. तो शब्द म्हणजे ‘चार्टर’, अर्थात सनद. ह्या शब्दाचा करारातील अर्थ व व्यवहारातील अर्थ ह्यांत पडत गेलेल्या अंतराचा हा इतिहास आहे.

बेडन-पॉवेल ह्यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर प्रायोगिक शिबिर भरविले व बालवीर चळवळीचा पाया घातला. अमेरिकेत ८ फेब्रुवारी १९१० रोजी ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ ही संस्था नोंदली गेली आणि १५ जून १९१६ रोजी तिला काँग्रेसची सनद मिळाली. गावोगावी स्वतःची पथके चालविण्याचा मार्ग ह्या मध्यवर्ती संस्थेने स्वीकारला नाही. चर्चे, शाळा, नागरी मंडळे अशा ज्या संस्था स्थानिक जीवनात आधीच रुजलेल्या होत्या, त्यांना तिने आपला कार्यक्रम चालविण्याची सनद द्यावी व पथक मात्र त्या त्या संस्थेचे असावे, अशी तिची योजना होती. मॉर्मन चर्च १९१३ साली ह्या योजनेत अगदी आरंभी सामील झाले. पुढे मेथडिस्ट, कॅथलिक, लूथरन इत्यादि पंथांच्या स्थानिक मंडळ्यांनीही सनदा घेतल्या.

‘सनद’ हा शब्द मराठी वाचकास अपरिचित नाही. अरबीतून फारसीच्या मार्गे आलेला हा शब्द पेशवाईच्या कागदपत्रांत पदोपदी आढळतो. वतनाची सनद धारकास हक्क देत असे, आणि त्या हक्काशी बांधलेली सेवाही त्याच्यावर लादीत असे. अमेरिकन सनदेचे स्वरूपही असेच दुहेरी होते. तिच्या वार्षिक करारनाम्यातील क्रियापदांचे कर्ते कोण आहेत हे पाहिले, म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. कार्यक्रम पुरविणे, प्रशिक्षण देणे, विम्याची तजवीज करणे ह्या क्रियांचा कर्ता बालवीर संस्था किंवा तिचे स्थानिक मंडळ होय. परंतु पथकनायकांची निवड मान्य करणे, जागा देणे, आपला प्रतिनिधी नेमणे ह्या क्रियांचा कर्ता चर्च होय. पथकास स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नव्हते. त्याचे तंबू, त्याचा ध्वज, बँकेतील त्याची शिल्लक ही कायद्याच्या दृष्टीने सनदधारक संस्थेची मालमत्ता होती.

व्यवहारात मात्र ह्या सनदेचा अर्थ निराळाच लावला जाई. विसाव्या शतकाच्या मध्यास सनदधारकांना ‘पुरस्कर्ती संस्था’ म्हणण्याचा प्रघात होता. पुरस्कार करणारा पाठीशी उभा असतो, तो कर्ता नसतो, अशी छटा ह्या शब्दात आहे. चर्चच्या तळघरात आठवड्यातून एकदा पथक जमावे, चर्चने दिवाबत्तीची सोय करावी व वर्षाकाठी एका कागदावर सही करावी, एवढ्यातच अनेक ठिकाणी हे नाते आटोपत असे. करारनाम्याने चर्चला मालक केले होते, परंतु चर्च स्वतःला यजमान समजत होते. मेथडिस्ट पंथाच्या सर्वसाधारण परिषदेने १९९६ साली चर्चमध्ये मुलांवर होणारे अत्याचार टाळण्याविषयी ठराव संमत केला. पथक जर चर्चचेच, तर तेथेही चर्चचीच दक्षता हवी होती. ते पाहुण्यांचे मानले, की ती दक्षता पाहुण्यांवर सोपविणे सोपे होते.

मालकी व आतिथ्य ह्यांतील हा संभ्रम निरुपद्रवी नव्हता. अपात्र ठरविलेल्या स्वयंसेवकांविषयीच्या गोपनीय फाइली बालवीर संस्था अनेक दशके ठेवीत आली होती. ऑरेगॉन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांपैकी १,२०० हून अधिक फाइली प्रसिद्ध झाल्या आणि मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची व्याप्ती जगापुढे आली. मॉर्मन चर्चने ३१ डिसेंबर २०१९ रोजी बालवीर संस्थेशी असलेला आपला दीर्घ संबंध संपविला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १८ फेब्रुवारी २०२० रोजी, बालवीर संस्थेने डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणाखाली अर्ज केला. मुदत संपेपर्यंत ८२,००० हून अधिक दावे दाखल झाले. सनदेचा मूळ अर्थ आता दप्तरातून बाहेर आला. पथक चर्चचे असेल आणि नायकाची निवड चर्चने मान्य केली असेल, तर पीडितास चर्चकडेही भरपाई मागता येते, हे उघड झाले. ज्या विम्याच्या भरवशावर चर्चे निश्चिंत होती, तोही वादाचा विषय झाला.

ऑगस्ट २०२१ मध्ये युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या वतीने नेमलेल्या समितीने स्थानिक मंडळ्यांना सल्ला दिला की, सनदेचे नूतनीकरण वर्षभरासाठी न करता केवळ त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत करावे. डिसेंबरमध्ये त्या चर्चने भरपाई-निधीत ३ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. मॉर्मन चर्चने देऊ केलेल्या २५ कोटी डॉलरांच्या तडजोडीस न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये मान्यता नाकारली. सप्टेंबर २०२२ मध्ये संमत झालेली संपूर्ण योजना १९ एप्रिल २०२३ रोजी अमलात आली. तिच्या निधीची रक्कम सुमारे २४६ कोटी डॉलर इतकी होती.

ह्याच काळात कराराचे नवे नमुने पुढे आले. २०२२ मध्ये मेथडिस्ट मंडळ्यांसाठी संलग्नतेचा करार तयार झाला. त्यात सनद स्थानिक बालवीर मंडळाकडे जाते. चर्च जागा देते व पथकाशी धर्मसेवेचे नाते ठेवते, परंतु त्याचे मालक राहत नाही. दुसरा नमुना केवळ वास्तुवापराचा आहे. त्यात चर्च व पथक ह्यांचा संबंध जवळजवळ घरधनी व वापरकर्ता ह्यांच्यापुरता उरतो. ज्याला दीर्घकाळ आतिथ्य म्हटले जात होते, त्याला आता कागदावरही आतिथ्यच म्हटले गेले.

ह्या बदलाने शब्द व व्यवहार ह्यांतील विसंगती दूर झाली, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्याबरोबर आणखी एक गोष्ट बदलली. जुन्या सनदेत उत्तरदायित्व आणि देखरेख एकाच हाती होती. पथकनायक नाकारण्याचा अधिकार चर्चला होता, म्हणूनच त्याच्या कृत्याचा भारही चर्चवर येत होता. नव्या करारांत भार हलका झाला, पण त्याबरोबर अधिकारही सैल झाला. आठवड्यातून एकदा तळघराचे दार उघडणारी मंडळी आत कोण आहे हे पूर्वीपेक्षा अधिक पाहील की कमी, हे कराराच्या कलमांवरून ठरणार नाही. जुन्या सनदेत पाहण्याचे कर्तव्य स्पष्ट लिहिलेले होते, आणि तरीही अनेक ठिकाणी पाहिले गेले नव्हते. ८ फेब्रुवारी २०२५ पासून बालवीर संस्था ‘स्काउटिंग अमेरिका’ हे नवे नाव वापरू लागली आहे. संस्थेचे नाव बदलले, करारांची नावेही बदलली. परंतु ज्या मुलांच्या नावाने हे सर्व करार होतात, त्यांची सही त्यांतील एकाही कागदावर नसते. म्हणून सही करणाऱ्या प्रत्येक पक्षाने कलमे वाचण्याची जबाबदारी त्यांच्याही वतीने घेतली पाहिजे.