रोज त्याच जागी: किरणोपचारातील अचूकतेचा इतिहास

१/ कर्करोगावर किरणोपचार घेणारा रुग्ण यंत्राच्या खोलीत साधारण पंधरा-वीस मिनिटे असतो. प्रत्यक्ष किरण चालू असतात ती मिनिटे त्यांतील थोडीच. उरलेला बहुतेक वेळ एकाच कामी जातो: रुग्णाला काल जसे निजवले होते, नेमके तसेच आज निजवणे. हे काम क्षुल्लक वाटते; पण किरणोपचाराच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचा फार मोठा भाग याच कामाने व्यापलेला आहे. #थ्रेड

२/ ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. वर्ष उलटण्यापूर्वीच डॉक्टर मंडळी ते उपचारासाठी वापरून पाहू लागली. फ्रान्समधील लिआँ शहरात व्हिक्टर देस्पेन्य यांनी जुलै १८९६ मध्ये जठराचा कर्करोग झालेल्या रुग्णावर हे किरण सोडले. किरण क्षीण होते आणि गाठ खोल होती. रुग्ण वाचला नाही.

३/ त्या काळातील क्ष-किरणांचा सर्वाधिक मारा त्वचेवरच होत असे. म्हणून उपचार प्रामुख्याने डोळ्यांना दिसणाऱ्या गाठींवर चालत. मात्रा मोजण्याचे खात्रीचे साधनही नव्हते; त्वचा किती लाल झाली, यावरून मात्रेचा अंदाज बांधला जाई. त्या लालीचा आणखी एक उपयोग होता. किरण नेमके कुठे पडले, हे ती डॉक्टरांना दाखवून देत असे.

४/ पहिले महत्त्वाचे वळण पॅरिसमध्ये आले. रेडियम इन्स्टिट्यूटमधील क्लोद रेगो यांनी मेंढ्यांच्या वृषणांवर प्रयोग केले. संपूर्ण मात्रा एकदम दिली तर वंध्यत्व येण्याआधीच त्वचा जळे. तीच क्रिया अनेक दिवसांत विभागली की वंध्यत्व येई आणि त्वचा बरीचशी वाचे. वृषणातील पेशी कर्करोगाच्या पेशींप्रमाणेच वेगाने विभाजित होतात, म्हणून हा निष्कर्ष मोलाचा ठरला.

५/ रेगो यांचे सहकारी आंरी कुतार यांनी १९२० च्या दशकात हीच पद्धत घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कर्करोगांवर वापरली. उपचार कित्येक आठवडे चालत, आणि जे रुग्ण पूर्वी हाताबाहेर गेलेले मानले जात, त्यांच्यातील काही बरे होऊ लागले. मात्रा थोडीथोडी करून रोज देण्याची जगभरातील रीत येथूनच रुजली. आजही अनेक कर्करोगांसाठी २५ ते ३५ दिवस रोज ‘शेक’ दिला जातो, त्याचे मूळ हे आहे.

६/ या शोधातूनच एक नवी अडचण जन्माला आली. उपचार एकदाच द्यायचा असेल तर नेमही एकदाच धरावा लागतो. तीस वेळा द्यायचा असेल तर तीस वेळा तोच नेम साधला पाहिजे. आणि मधल्या काळात रुग्ण घरी जातो, जेवतो, झोपतो, वजन गमावतो, भीतीने अंग आखडून धरतो. माणसाचे शरीर एखाद्या ठोकळ्यासारखे रोज सारखे राहत नाही.

७/ दुसरे वळण १९५१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आले. कॅनडातील लंडन आणि सस्काटून या दोन शहरांत काही दिवसांच्या अंतराने कोबाल्ट-६० च्या यंत्रांवर पहिले रुग्ण घेतले गेले. या भेदक किरणांची सर्वाधिक मात्रा त्वचेच्या सुमारे ५ मिलिमीटर खाली पडे. त्वचा वाचली आणि खोलवरच्या गाठीही आवाक्यात आल्या.

८/ पण त्वचा वाचली तशी त्वचेवरची खूणही फिकी झाली. किरण कुठे पडले हे सांगणारा जुना साक्षीदार दुर्बळ झाला. शक्तिशाली किरण शरीराच्या आत, न दिसणाऱ्या गाठीवर सोडायचे आणि ते लागले की नाही हे बाहेरून कळायचे नाही, अशी ही स्थिती होती. यंत्र जितके सामर्थ्यवान, तितकी चुकीची किंमत मोठी.

९/ याच दशकात लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर रुग्णालयांत आले. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या हेन्री कॅप्लन यांनी अगदी सुरुवातीला घेतलेल्या रुग्णांत एक लहान मुलगा होता. दृष्टिपटलाच्या कर्करोगामुळे त्याचा एक डोळा काढावा लागला होता आणि दुसऱ्यातही गाठ होती. किरणांची अरुंद शलाका नेमकी त्या गाठीवर रोखण्यात आली. मुलाचा डोळा वाचला आणि दृष्टीही टिकली.

१०/ यंत्रांच्या रचनेतही एक मूलगामी बदल झाला. यंत्राचा फिरता बाहू, किरणांची झडप आणि रुग्णाचे टेबल ही सारी अवकाशातील एकाच काल्पनिक बिंदूभोवती फिरू लागली. या बिंदूला आयसोसेंटर म्हणतात. गाठ त्या बिंदूवर आणून ठेवली की यंत्र कोणत्याही कोनातून आले तरी किरण तिच्यातूनच जातात. मात्र गाठ तिथे आणून ठेवणे हे माणसांचेच काम राहिले.

११/ स्टॉकहोममध्ये न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी वेगळा मार्ग धरला. १९४९ मध्ये त्यांनी कवटीला स्क्रूने पक्की बसणारी धातूची चौकट प्रसिद्ध केली. मेंदूतील प्रत्येक बिंदूचे स्थान त्या चौकटीच्या संदर्भाने मोजता येई. १९६० च्या दशकाअखेर याच तत्त्वावर पहिला गॅमा नाइफ उभा राहिला. त्यात कोबाल्टचे १७९ स्रोत एकाच बिंदूवर रोखलेले होते.

१२/ अचूकता अपूर्व होती, पण हाडात रुतलेली चौकट घेऊन कोणी महिनाभर रोज ये-जा करू शकत नाही. शिवाय फुप्फुस, स्तन, गर्भाशयमुख यांना अशी चौकट लावणार कुठे? म्हणून किरणोपचार विभागांत साचे बनवण्याची स्वतंत्र खोली आली. आधी प्लास्टरचे, पुढे प्लास्टिकचे साचे तयार होऊ लागले. नंतर गरम पाण्यात मऊ होऊन चेहऱ्यावर बसताच घट्ट होणारे जाळीदार मास्क आले.

१३/ डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या रुग्णाला हा मास्क टेबलाला जखडून ठेवतो. नेम अचूक राहतो, पण पापणी हलवण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही आणि अनेकांचा जीव घुसमटतो. अचूकतेच्या या इतिहासात रुग्णाने आपल्या वाट्याची किंमत मोजलेली आहे, हे विसरता येत नाही.

१४/ धडासाठी त्वचेवर शाईचे अतिसूक्ष्म ठिपके गोंदले जाऊ लागले. खोलीच्या भिंतींवर आणि छतावर लेझर दिवे बसवले गेले. त्यांच्या रेषा आयसोसेंटरमध्ये छेदतात. तंत्रज्ञ टेबल सरकवून ठिपके त्या रेषांवर आणतात. पद्धत साधी, स्वस्त आणि टिकाऊ ठरली. तिचा दोष एवढाच की त्वचा सरकते, आणि त्वचेखालची गाठ त्वचेबरोबरच सरकेल असे नाही.

१५/ १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. स्कॅनवर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. पुढे उपचाराचा आराखडा सी.टी.वरच आखला जाऊ लागला. त्यातही निजण्याचा प्रश्न होताच. तपासणीच्या सी.टी.चे टेबल खोलगट, तर उपचाराचे सपाट. टेबलाचा आकार बदलला की शरीराचा आकार बदलतो. म्हणून आराखड्यासाठी सी.टी.वर सपाट फळी टाकावी लागली.

१६/ नेम बरोबर होता का, हे तपासण्यासाठी उपचाराच्याच किरणांनी फिल्म काढली जाई. पण अतिशक्तिशाली किरणांना हाड आणि मांस यांत फारसा फरक पडत नाही. चित्र धूसर येई. फिल्म धुऊन हाती येईपर्यंत त्या दिवसाचा उपचार बहुधा संपलेला असे. शिवाय अशी फिल्म साधारणपणे आठवड्यातून एकदाच निघे. उरलेले दिवस विश्वासावर जात.

१७/ १९८० च्या दशकात अ‍ॅमस्टरडॅममधील नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये हार्म मेर्टेन्स आणि मार्सेल व्हान हेर्क यांनी फिल्मशिवाय तत्काळ चित्र देणारे इलेक्ट्रॉनिक साधन विकसित केले. आता एकाच रुग्णाची अनेक दिवसांची चित्रे शेजारी ठेवून मोजता येऊ लागली. त्या मोजमापातून दोन प्रकारच्या चुका स्पष्टपणे वेगळ्या काढता आल्या.

१८/ पहिली रोजची चूक. आज २ मिलिमीटर डावीकडे, उद्या ३ मिलिमीटर उजवीकडे. तीस दिवसांत ती बरीचशी एकमेकींत मिटते. मात्रेची कड थोडी पुसट होते इतकेच. दुसरी कायमची चूक. आराखड्याच्या दिवशीच रुग्ण वेगळ्या स्थितीत होता, म्हणून पुढचे तीसही दिवस नेम त्याच बाजूला, तितकाच चुकतो. गाठीची एक कड रोज मात्रेबाहेर राहते, आणि तिथून कर्करोग परतू शकतो.

१९/ व्हान हेर्क आणि सहकाऱ्यांनी २००० साली याला गणिती रूप दिले. गाठीभोवती किती मार्जिन सोडावे? कायमच्या चुकीच्या प्रमाणित विचलनाची अडीच पट, अधिक रोजच्या चुकीच्या प्रमाणित विचलनाची ०.७ पट. म्हणजे कायमच्या चुकीचे वजन साडेतीन पटींहून अधिक. उद्देश असा की ९० टक्के रुग्णांमध्ये लक्ष्याच्या प्रत्येक भागाला ठरलेल्या मात्रेच्या किमान ९५ टक्के मात्रा मिळावी.

२०/ मग मार्जिन सढळ हाताने का सोडू नये? उत्तर साध्या भूमितीत आहे. ५ सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचे घनफळ सुमारे ६५ घन सेंटिमीटर. चहूबाजूंनी १ सेंटिमीटर मार्जिन सोडले तर ते १८० होते. अर्धा सेंटिमीटर सोडले तर ११३. वाढलेला भाग निरोगी ऊतींचा असतो. आतडे, मूत्राशय, लाळग्रंथी यांना वाचवायचे तर चूकच कमी करावी लागते.

२१/ कायमची चूक किती महाग पडते, हे २००५ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधील एका अभ्यासाने दाखवले. प्रोस्टेट कर्करोगाच्या १२७ रुग्णांत, आराखड्याच्या सी.टी.च्या दिवशी ज्यांचे गुदाशय फुगलेले होते, त्यांच्यात रोग परतल्याची रक्तातील लक्षणे अधिक आढळली. फुगलेले गुदाशय प्रोस्टेटला पुढे ढकलते. नंतर ते रिकामे झाले की प्रोस्टेट मागे सरकते. नेम मात्र जुन्याच जागी राहतो.

२२/ यावर उपाय एकच: उपचाराच्या टेबलावरच, रोज, शरीराच्या आत पाहणे. मिशिगनमधील रॉयल ओक येथे डेव्हिड जाफ्रे आणि सहकाऱ्यांनी उपचारयंत्राच्याच बाहूवर क्ष-किरण नळी आणि सपाट शोधक बसवला. बाहू एकदा फिरला की त्रिमितीय चित्र तयार. ते मूळ सी.टी.शी ताडून टेबल सरकवायचे आणि मगच किरण सोडायचे. २००२ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आज जगभर रुळली आहे.

२३/ श्वासामुळे होणाऱ्या हालचालीचाही विचार झाला. २०१३ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनमधील २,१६८ स्त्रियांच्या अभ्यासातून दिसले की स्तनाच्या कर्करोगाच्या किरणोपचारात हृदयाला मिळणाऱ्या सरासरी मात्रेच्या दर १ ग्रेमागे गंभीर हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो. डाव्या स्तनाच्या उपचारात दीर्घ श्वास रोखून धरला की हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जाते. येथे रुग्ण स्वतःच अचूकतेचा भागीदार बनतो.

२४/ या इतिहासात महाराष्ट्राचेही एक महत्त्वाचे पान आहे. टाटा मेमोरियल सेंटरने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेणाऱ्या ३०० स्त्रियांवर केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीत तीन वर्षांत आतड्यांचे मध्यम वा तीव्र दुष्परिणाम ४२.४ टक्के स्त्रियांना झाले. रोज चित्र पाहून, मात्रेला आकार देऊन केलेल्या उपचारात २१.१ टक्के.

२५/ हे यश रोजची चित्रे आणि मात्रेचे सुघड नियोजन या दोहोंचे मिळून आहे. पण चित्रांविना ते नियोजन निर्धास्तपणे करता आले नसते. निम्म्या प्रमाणाचा अर्थ आकड्यांपलीकडे पाहावा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून बरी झालेली स्त्री पुढची अनेक वर्षे जगते. प्रवासाला निघताना, शेतात वा कामावर जाताना पोटाची धास्ती बाळगावी लागणे वा न लागणे, हा तो फरक आहे.

२६/ अलीकडे कॅमेऱ्यांनी त्वचेचा पृष्ठभाग सतत टिपून रुग्णाची स्थिती जुळवणारी यंत्रणा आली आहे. तिच्यामुळे काही रुग्णालयांत गोंदणाचे ठिपके देणेच बंद झाले. आजारपणाची कायमची खूण अंगावर वागवावी लागू नये, ही अनेक रुग्णांची, विशेषतः स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांची, इच्छा त्यातून पुरी होऊ लागली आहे.

२७/ राँटगेन, रेगो, लेक्सेल यांची नावे इतिहासात राहिली. रोज सकाळपासून रुग्णाचे खांदे सरळ करणारे, गुडघ्यांखाली उशी सारणारे, लेझरच्या रेषेवर ठिपका आणणारे तंत्रज्ञ मात्र निनावीच राहिले. यंत्राने आतले चित्र दाखवले तरी घाबरलेल्या माणसाला सैल सोडून निजायला लावणे अजून त्यांच्याच हाती आहे. रुग्ण रोज त्याच जागी निजतो, त्यामागे त्यांचे हे कष्ट असतात.