विहिरीच्या काठावर आलेला काटा

माझ्या टेबलावर सध्या उघडून ठेवलेला मीटर परळीतल्या एका भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने आला. काळी जड पेटी, वर चामड्याचा पट्टा, समोर पंख्यासारखी पसरलेली तबकडी, तबकडीवर आरशाची बारीक पट्टी आणि खाली दोन मोठ्या चाक्या, एक डीसीची आणि एक एसीची. पाटीवर नाव मोटवाने, गाव नाशिक रोड. काटा डावीकडे रुतून बसलेला, बॅटरीच्या खणात हिरवट-पांढरा थर. आतल्या तांब्यासाठी तो फोडायचा बाकी होता, तेवढ्यात मी पोहोचलो.

जुने मीटर गोळा करून ते पुन्हा चालते करायचे, हा माझा कैक वर्षांचा नाद आहे. प्रत्येक मीटर उघडला की मला एकच विचारावंसं वाटतं: तू इथवर कसा आलास? याच्या बाबतीत उत्तर शोधत मागे गेलो तर दोनशे वर्षं मागे जावं लागलं. त्या सगळ्या प्रवासात माणसांची एकच धडपड दिसते. वीज मोजायचं साधन सुरुवातीला खोलीत बसून होतं. जिथे बिघाड आहे तिथे त्याला उचलून न्यायचं होतं.

१८२० साली कोपनहेगनमध्ये ओर्स्टेडने पाहिलं की तारेतून वीज गेली की शेजारच्या होकायंत्राची सुई वळते. त्याच वर्षी श्वायगरने तारेची वेटोळी करून सुईभोवती गुंडाळली, त्यामुळे थोड्या विजेनेही सुई जास्त हलू लागली. आपल्यापैकी ज्यांनी अकरावी-बारावीला टँजंट गॅल्व्हानोमीटरचा प्रयोग केला आहे, त्यांनी हा पूर्वज डोळ्यांनी पाहिला आहे. आधी त्याची कडी उत्तर-दक्षिण लावायची, मग जवळचं लोखंडी स्टूल हलवायचं, खिशातल्या किल्ल्या बाजूला ठेवायच्या. सुई मुळात पृथ्वीच्या चुंबकत्वाला बांधलेली, त्यामुळे यंत्र हललं की माप बिघडलं. अटलांटिक महासागराखालच्या तारेसाठी विल्यम थॉमसनने १८५८ मध्ये आरशाचा गॅल्व्हानोमीटर केला. विलक्षण नाजूक यंत्र, पण त्याला दिवा हवा आणि अंधारी खोली हवी. असलं यंत्र खांद्याला अडकवून कोण कुठे नेणार?

गाठ सोडवली ती फ्रान्समध्ये, आणि सोडवणारा शरीरशास्त्रज्ञ होता. स्नायूंमधले बारीक प्रवाह मोजू पाहणाऱ्या दार्सोनवालने १८८२ च्या सुमारास देप्रे या अभियंत्याबरोबर रचनाच उलटी केली. चुंबक स्थिर ठेवला आणि हलायला लावली तारेची कॉइल. चुंबक मोठा, घोड्याच्या नालासारखा, त्याच्या पकडीत ती इवलीशी कॉइल. तिला आता पृथ्वीच्या उत्तर-दक्षिणेशी काही देणंघेणं उरलं नाही. मला विचाराल तर या सगळ्या वंशावळीतली सर्वांत सुंदर कल्पना हीच. माझ्या टेबलावरच्या नाशिकच्या मीटरात आजही तेच आहे, फक्त लहान होऊन.

त्या कल्पनेला रस्त्यावर आणलं एडवर्ड वेस्टनने. इंग्लंडमध्ये जन्मलेला, १८७० मध्ये अमेरिकेत गेलेला हा माणूस मुलाम्याच्या आणि डायनामोच्या धंद्यात होता, आणि प्रत्येक मापासाठी कराव्या लागणाऱ्या आकडेमोडीला विटला होता. काटा जिथे थांबेल तिथेच व्होल्ट लिहिलेले असावेत, एवढीच त्याची मागणी. त्यासाठी त्याने वर्षानुवर्षं ताकद न गमावणारे चुंबक घडवले, उन्हाने-थंडीने रोध फारसा न बदलणारे मिश्रधातू शोधले आणि १८८८ मध्ये हातात धरून नेता येईल असा मीटर बाजारात आणला. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला मीटर जवळपास बरोबर माप देतो, त्याचं श्रेय वेस्टनच्या त्या मिश्रधातूंना आहे.

तरीही व्होल्टचा मीटर वेगळा, अँपिअरचा वेगळा, ओहमचा वेगळा. ब्रिटनमध्ये तारा आणि टेलिफोन पोस्ट खात्याकडे होते, आणि त्या खात्यातला डोनाल्ड मॅकाडी नावाचा अभियंता हे तीन डबे वागवून कंटाळला होता. त्याने तिन्ही कामं एका काट्यावर आणि एका चाकीवर घातली. अँप, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरं घेऊन झालं ‘अव्हो’. १९२३ मध्ये तो लंडनमध्ये विकायला आला. पहिला अव्हो फक्त डीसी मोजायचा; १९५१ मध्ये आलेल्या अव्हो मॉडेल आठने मात्र दोन्ही वीज मोजल्या आणि जगभर इतका नांदला की २००८ पर्यंत तो बनत राहिला. थांबला तोही मागणी अगदीच आटली म्हणून नव्हे. त्याचे यांत्रिक सुटे भाग मिळणं अवघड होत गेलं होतं.

माझा मोटवाने त्याच घराण्याचा आहे, हे दोन्ही शेजारी ठेवले की लहान मुलालाही कळेल. मोटवाने हे नाव आपल्याकडे आधी ऐकू आलं ते लाउडस्पीकरमधून. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधमध्ये सुरू केलेला हा व्यवसाय पुढे मुंबईत आला. गांधीजी, नेहरू, सुभाषबाबू यांच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते, ती यांचीच. याच मोटवाने मंडळींनी नाशिक रोडला मीटर घडवले. मला याचं फार अप्रूप वाटतं. देशाचा आवाज मोठा करणाऱ्या लोकांनी नंतर विजेचा बारीकसा प्रवाह दाखवणारा काटाही बनवला. तंत्रनिकेतनं, आयटीआय, वीज मंडळ, टेलिफोन खातं, सगळीकडे तो पोहोचला.

बीड जिल्ह्यात त्याला काम होतं. परळीच्या औष्णिक केंद्राचा तीस मेगावॅटचा पहिला संच १९७१ चा. पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ. त्यानंतर विहिरी खोल गेल्या, बोअर आले, मोटारी आल्या, आणि मोटारीमागोमाग केज, धारूर, माजलगाव, गेवराई इथल्या रस्त्यांवर रिवाइंडिंगची दुकानं आली. दुकानाच्या दारात जळक्या वार्निशचा वास, भिंतीला सिरीज लॅम्पचा बोर्ड आणि खुंटीला पट्ट्याने टांगलेला काट्याचा मीटर.

त्या मीटरचं खरं काम दुकानात नव्हतं, विहिरीच्या काठावर होतं. लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतात मोटार सुरू केली की व्होल्टेज झोपतं. काटा चारशेवरून घसरतो, कुठेतरी थबकतो, मोटारीने वेग घेतला की पुन्हा चढतो. किती घसरला, किती वेळ खाली राहिला, चढताना अडखळला का, यावरून मिस्त्री सांगतो की दोष लाइनमध्ये आहे, स्टार्टरमध्ये आहे की मोटारीचं बेअरिंग धरलंय. आकड्यांचा मीटर त्या दोन-तीन सेकंदांत नुसते आकडे उडवतो. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकाऊ पोराला सांगितलेलं मी ऐकलं आहे: “आकडा ऱ्हाऊ दे रे. काटा कसा बसतोय ते बघ.”

कपॅसिटरचंही तसंच. ओहमच्या रेंजवर लीड लावली की काटा उडी मारतो आणि सावकाश माघारी येतो. उडी मारलीच नाही तर कपॅसिटर मेला, माघारी आला नाही तर शॉर्ट. आणखी एक गोष्ट नव्या पोरांना चकवते. चालू तारेच्या शेजारून गेलेली तुटकी तार आकड्यांच्या मीटरवर साठ-सत्तर व्होल्ट दाखवू शकते, कारण त्या मीटरचा आतला रोध कोटीभर ओहमच्या घरातला असतो आणि शेजारून झिरपलेला नखभर भारही त्याला दिसतो. काट्याचा मीटर स्वतः थोडी वीज ओढून घेतो, त्यामुळे असला खोटा व्होल्ट त्याच्यापुढे टिकत नाही. हाच गुण सर्किटबोर्डावर मात्र दोष ठरतो. तिथे काट्याच्या मीटरने ओढलेल्या विजेने मापच बदलतं. १९७७ मध्ये फ्लूक कंपनीचा हातात मावणारा डिजिटल मीटर आला आणि नंतर स्वस्त डिजिटल मीटर गावोगाव पोहोचले, त्याला सबळ कारणं होती. पडला तरी सहसा मरत नाही, खिशात मावतो, वाचायला सोपा.

आता माझ्या टेबलाकडे. या नादात शिकलो ती घाई न करण्याची गोष्ट. काटा रुतला की पहिला संशय चुंबकाच्या फटीतल्या लोखंडी कणांवर घ्यायचा. फट केसाएवढी. चिकटपट्टीची अरुंद कात्रण आत सरकवून कण उचलायचे. चुंबक काढायचा मोह आवरायचा, कारण गाभ्यापासून सुटा झालेला चुंबक थोडी ताकद घालवून बसतो आणि मग सगळी तबकडीच खोटी बोलते. कॉइलच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा घड्याळातल्यासारख्या. एक वेढा दुसऱ्यात अडकला तर सुईच्या टोकाने सोडवायचा, तोही श्वास रोखून. पूर्ण काटा फिरायला या कॉइलला पन्नास मायक्रोअँपिअर पुरतात, म्हणजे एका अँपिअरचा वीस हजारावा भाग. बॅटरीच्या क्षाराला व्हिनेगर, चाकीच्या पट्ट्यांना अल्कोहोल. जुने कार्बन रेझिस्टर वयाबरोबर चढलेले असतात, ते एकेक मोजून बदलायचे. एसी नीट दाखवत नसेल तर आतला जुना रेक्टिफायर तपासायचा.

एक सवय मी मिस्त्री लोकांकडून घेतली. एसटीने मीटर न्यायचा असेल तर चाकी ऑफवर. ऑफवर कॉइलची दोन टोकं जोडली जातात, आणि गाडी हादरली की कॉइल हलून स्वतःच जी वीज तयार करते तीच तिला आवरते. अंबाजोगाई ते परळी रस्त्यावर काटा असा शांत बसलेला मी पाहिला आहे.

या मीटरची एकच रेंज चालू करायची राहिली होती, ओहमची सर्वांत वरची. तिला पंधरा व्होल्टचा एक छोटा सेल लागतो आणि तो इथल्या दुकानांत मिळत नाही. मागचं झाकण साफ करायला उलटं केलं तेव्हा आतल्या बाजूला पेन्सिलीचा मजकूर दिसला. तीन वेगवेगळी अक्षरं, तीन दुरुस्त्या. पहिल्यात काटा बदलल्याची नोंद, दुसऱ्यात लीडच्या सॉकेटची. तिसऱ्यात फक्त एवढंच: ‘१५ व्होल्ट सेल मिळत नाही. रेंज बंद.’

रिमोटमध्ये घालतात तो बारा व्होल्टचा बारीक सेल आणि दीड-दीड व्होल्टचे दोन बटण सेल मी एका नळीत ओळीने बसवले. दोन्ही लीड एकमेकांना टेकवल्या. काटा उजवीकडे गेला आणि शून्यावर थांबला. मग पेन्सिलीला टोक काढून तिसऱ्या ओळीखाली लिहिलं: ‘१२ + १.५ + १.५. रेंज चालू.’