सैन्याने न मागितलेला चाकू

१८९० साली स्वित्झर्लंडच्या सैन्याने मिटत्या चाकूचा नमुना ठरवला. गरजा मोजक्या : डबा फोडणे, नव्या रायफलचे स्क्रू काढणे. पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगेनहून आले. हे काम देशातच व्हावे म्हणून ईबाखचे कारागीर कार्ल एल्सेनर यांनी १८९१मध्ये पुरवठा सुरू केला. पण झोलिंगेनचा माल स्वस्त पडे आणि एल्सेनर कर्जात बुडाले.

त्यांना तारले ते १८९७ साली नोंदवलेल्या हलक्या ‘ऑफिसर’ चाकूने. स्प्रिंगच्या दोन्ही अंगांना हत्यारे बसवल्यामुळे त्यात छोटे पाते आणि बूच काढण्याचे मळसूत्रही मावले. सैन्याने तो कधी अधिकृतपणे दिला नाही. अधिकाऱ्यांनी पदरमोड करून घेतला. जग ज्याला ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणते, तो वंश याच हौशीच्या चाकूचा.