आगबोटीवरची पंगत



आपल्या गावात लग्नकार्य निघाले की पंगतीची काळजी सर्वांत आधी लागते. पाणी कोठून आणायचे, चुलाणी कोठे मांडायची, आचारी किती, वाढपी किती, भात पुरेल ना! आणि एवढे सगळे करून वाढताना एकाला तूप जास्त व दुसऱ्याला कमी पडले, तर आपण लगेच म्हणतो, "हा पंक्तिप्रपंच बरा नव्हे." पंक्तिप्रपंच! फार अर्थाचा शब्द आहे हा. आज याच शब्दाचा कंदील हातात घेऊन आपण जरा लांब, भर समुद्रात जाणार आहोत. मोठ्या प्रवासी जहाजावर माणसे काय खात होती, काय पीत होती, आणि मुख्य म्हणजे कोण बसत होते, कोण वाढीत होते, याची ही हकीकत आहे.

आधी अडचण कशी असते ती पाहा. जहाज म्हणजे एक गावच. पण या गावाला विहीर नाही, शेत नाही, बाजार नाही. सभोवती पाणीच पाणी, आणि त्यातला घोटभरही पिता येत नाही. शिडांच्या जहाजांच्या काळी महिनेच्या महिने किनारा दिसत नसे. लाकडी पिंपांत भरलेले पाणी कुबट होई. खायला दगडासारखी टणक बिस्किटे आणि खारवलेले मांस. बिस्किटांत किडे पडत, ते झटकून खायचे. ताजी भाजी नाही, फळ नाही. मग हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणूस खंगून मरे. हा स्कर्व्ही नावाचा रोग.

१७४७ साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टराने एक साधा प्रयोग केला. बारा रोगी खलाशी घेतले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निरनिराळा उपाय दिला. ज्या दोघांना संत्री व लिंबे मिळाली, ते झपाट्याने सुधारले. लिंडने आपला ग्रंथ १७५३ साली छापला. पण ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस द्यायला आरंभ केला तो १७९५ साली! उपाय सापडल्यानंतर जवळजवळ अर्धे शतक लोटले. शिक्षक बंधूंनी मुलांना हे अवश्य सांगावे. शोध लागणे ही अर्धी गोष्ट, तो शेवटच्या माणसाच्या ताटात पडणे ही उरलेली अर्धी.

आता प्रवाशांकडे वळू. युरोपातले गोरगरीब पोटासाठी अमेरिकेला निघत, तेव्हा बहुतेकांना आपली शिदोरी आपणच बांधून न्यावी लागे. वारा पडला, प्रवास लांबला, की शिदोरी संपे आणि उपासमार सुरू होई. हे हाल पाहून इंग्लंडात कायदे झाले. १८४२ च्या कायद्याने जहाजमालकावर बंधन घातले, की दर प्रवाशाला आठवड्याला सात पौंड पाव, बिस्किटे, पीठ, तांदूळ असे काही तरी दिलेच पाहिजे, आणि रोज ठराविक पाणीही. जहाजावरच्या पंगतीचा पाया म्हणाल तर हा.

तोवर वाफेची जहाजे आली होती. १८४० च्या जुलैत कुनार्ड यांची 'ब्रिटानिया' ही टपाल-आगबोट लिव्हरपूलहून अमेरिकेकडे निघाली. शेसव्वाशे प्रवाशांची तिची सोय. आणि गंमत अशी, की ताज्या दुधासाठी बोटीवर चक्क एक गाय बांधलेली होती! १८४२ साली प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याच बोटीने गेले. तिचे जेवणघर पाहून त्यांना खिडक्या लावलेल्या प्रेतगाडीची आठवण झाली. ओळीने लांब टेबले, वर टांगलेले पेले, आणि बोट डोलू लागली की सगळेच डोलणार. ताटल्या घसरून मांडीवर येऊ नयेत म्हणून टेबलांना लाकडी कठडे बसवीत. आपण पत्रावळीखाली खडा लावतो, त्यातलाच प्रकार.

पुढे बर्फाच्या यंत्राने सारे पालटले. १८८० च्या आरंभी ऑस्ट्रेलियातून गोठवलेले मांस जहाजाने लंडनला सुखरूप पोचले. प्रवासी बोटींवरही थंड कोठ्या आल्या, आणि मग बोटींची चढाओढ लागली ती ताटावरून. १९०५ साली 'अमेरिका' नावाच्या जर्मन बोटीवर जमिनीवरच्या नामांकित हॉटेलाप्रमाणे रेस्टॉरंट उघडले. तिकिटातले जेवण आवडत नसेल तर वेगळे पैसे मोजा आणि मनाजोगते मागवा.

या चढाओढीचे टोक म्हणजे 'टायटॅनिक'. ती १० एप्रिल १९१२ रोजी साउथॅम्प्टनहून निघाली. तिच्या कोठारात पाऊण लाख पौंड ताजे मांस, चाळीस हजार अंडी, चाळीस टन बटाटे आणि छत्तीस हजार संत्री होती असे सांगतात. लिंडची संत्री आता अशी राशीने चालली होती! बोटीवर माणसे सुमारे बावीसशे. तेव्हा माणशी अंडी किती, हे गणित गुरुजींनी वर्गात घालावे. उत्तर अठराच्या आसपास येईल.

पण पंगत एक नव्हती, तीन होत्या. पहिल्या वर्गाचे जेवणघर इतके मोठे, की एका वेळी पाचशेहून अधिक माणसे बसावीत. १४ एप्रिलच्या रात्री तेथे दहा-अकरा वाढी झाल्या. आरंभ कालवांनी, आणि शेवटी पीच, पेस्ट्री व आइस्क्रीम. तिसऱ्या वर्गात त्याच दिवशी दुपारी भाताचे सूप, भाजलेले मांस, उकडलेले बटाटे व पुडिंग होते. रात्री पेज, बिस्किटे आणि चीज. आता हेही खरे, की आपल्या घरी रोज एवढे न मिळणारी कितीतरी माणसे त्या तिसऱ्या वर्गात होती. टेबलाशी बसून दुसऱ्याने वाढलेले खाणे, ही त्यांच्यासाठी नवलाईच होती. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या शिदोरीवाल्या प्रवाशाशी तुलना करता ही मोठी सुधारणा म्हटली पाहिजे.

त्याच रात्री बर्फाचा डोंगर आडवा आला. पहिल्या वर्गातली शंभरातली साठाहून अधिक माणसे वाचली, तिसऱ्या वर्गातली शंभरात पंचवीस. पंक्तिप्रपंच ताटावरून उठून जीवरक्षक होड्यांपर्यंत गेला. आणि त्या खास रेस्टॉरंटात वाढणारे-रांधणारे, बहुतेक इटालियन व फ्रेंच, साठाहून अधिक होते. त्यांतले वाचले अवघे तीन. उत्तम जेवणाची वाहवा होते, तेव्हा वाढणाऱ्यांची ही गोष्ट मात्र मागे राहते.

आता पिण्याविषयी दोन शब्द. आपल्याकडे मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, हे जुन्या मंडळींच्या स्मरणात असेल. अमेरिकेने तो प्रयोग १९२० साली सुरू केला आणि १९३३ साली गुंडाळला. त्या काळात अमेरिकन ध्वजाच्या प्रवासी बोटी कोरड्या झाल्या. मग काय? पिणारे प्रवासी ब्रिटिश आणि फ्रेंच बोटींकडे वळले. अमेरिकेची हद्द ओलांडली की तेथे पेले भरत. पुढे तर न्यूयॉर्कहून सुटायचे, समुद्रात चार घिरट्या घालायच्या, प्यायचे आणि परत यायचे, अशा कोठेच न जाणाऱ्या सफरी निघाल्या. कोठे पोचण्यासाठी नव्हे, तर खाण्यापिण्यासाठीच जहाजावर बसायचे, ही चाल रुळायला या बंदीचाही हातभार लागला. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे कधी आले असेल काय?

मंडळी, आता आपल्या मुंबईच्या बंदरात येऊ. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असे मानण्याचे ते दिवस. त्या धास्तीत मोठा भाग जेवणाचाच होता. बोटीवर कोणाच्या हातचे खाणार, कोणाच्या शेजारी बसणार? ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी नावाचा एक तरुण 'क्लाइड' बोटीने विलायतेस निघाला. एकोणीस वर्षे पुरी व्हायलाही महिना कमी. जातीने वाळीत टाकलेले, आणि आईला शब्द दिलेला, की मांसमदिरेला शिवणार नाही. बोटीवर काटेचमचे कसे धरायचे ते ठाऊक नाही. कोणत्या पदार्थात मांस नाही, हे विचारायचा धीर होईना. तेव्हा तो टेबलाकडे गेलाच नाही. घरून आणलेली मिठाई व फळे खोलीत बसून खाई. सोबतीचे वकील मजमुदार त्याला लोकांत मिसळण्याचा आग्रह करीत. एका इंग्रज प्रवाशाने तर बजावले, की पुढे थंडीत मांसावाचून निभणार नाही. पोराने शब्द मोडला नाही. ही हकीकत गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत सांगितली आहे. शेकडो पदार्थांनी भरलेल्या बोटीवर एक मुलगा लाजेने उपाशीपोटी राहू शकतो. म्हणून म्हणतो, ताट भरलेले असणे निराळे, आणि पंगतीत बोलावलेले असणे निराळे.

याच बोटींवर आपली माणसे दुसऱ्या बाजूलाही होती, वाढणाऱ्यांच्या. विलायतेच्या मोठ्या कंपन्या जेवणघरात आणि स्वयंपाकघरात गोव्याचे लोक ठेवीत. बहुतेक ख्रिस्ती, त्यामुळे गोऱ्या साहेबाचे कोणतेही खाणेपिणे हाताळायला त्यांना अडचण नसे. गोव्यात अशा दर्यावर्दी माणसाला तारवटी म्हणतात. डेकवर रत्नागिरीकडचे आणि कच्छ-गुजरातेतले खलाशी असत. त्यांच्यावर सारंग, सारंगाच्या हाताखाली टंडेल. या खलाशांचे जेवण साहेबांच्या स्वयंपाकघरात होत नसे. त्यांचा भंडारी वेगळ्या चुलीवर त्यांचा भात-कालवण रांधी. पगार मात्र त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशाहून कितीतरी कमी, आणि झोपायला जागाही कमी. कायद्यानेच ती कमी ठरवली होती.

दोन सफरींच्या मध्ये हे गोवेकर मुंबईला धोबीतलावाच्या बाजूला आपापल्या गावाच्या कुडात राहत. कूड म्हणजे गावाने चालवलेली खोली. भिंतीशी देव्हारा, ओळीने मांडलेल्या पेट्या, जमिनीवर पथाऱ्या. रात्री जो तारवटी चांदीच्या तबकातून साहेबाला सूप वाढीत असे, तो मुंबईत असा पेटीला उशी करून पुढच्या बोटीची वाट पाही. त्याच्या पगारावर गोव्यात घरे उभी राहिली, पोरे शिकली. हाही इतिहासच आहे, बरे का. फक्त तो ताम्रपटावर लिहिलेला नाही.

१९५८ साली अटलांटिकवरून जेट विमाने उडू लागली आणि प्रवासासाठी बोटीने जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. मग बोटींनी धंदा बदलला. जहाज हेच हॉटेल, जहाज हीच जत्रा. २०२४ च्या जानेवारीत 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज सफरीवर निघाले. आकारमान टायटॅनिकच्या पाचपटीहून अधिक. प्रवासी साडेपाच हजारांहून जास्त, अगदी भरले तर साडेसात हजारांवर. नोकरवर्ग तेवीसशेच्या पुढे. म्हणजे टायटॅनिकवर एकूण जेवढी माणसे होती, त्याहून अधिक आज नुसते राबणारेच! खाण्याची ठिकाणे वीसहून अधिक, मद्यालये निराळी. पिण्याचे पाणी? ते समुद्राच्याच पाण्यातून यंत्राने मीठ काढून करतात. कुबट पिंपांपासून येथवर माणसाची अक्कल पोचली, याचे कौतुक केलेच पाहिजे.

वर्गांची नावे आता पुसली गेली आहेत. पण तिकिटाच्या पैशांत मिळणारे जेवण एक, आणि वर पैसे भरून मिळणारे खास रेस्टॉरंटातले जेवण दुसरे. १९०५ ची युक्ती अजून चालतेच आहे. वाढणारे हात फिलिपीन्सचे, इंडोनेशियाचे, भारताचे आहेत, आणि गोव्याचे तारवटी आजही त्यांत आहेत. हे जहाज अमेरिकन बंदरांतून सुटते, पण त्याची नोंद बहामा बेटांत आहे. अशा बाहेरच्या नोंदणीमुळे मालकाला कर आणि मजुरीचे नियम सैल मिळतात. सात दिवसांची सफर संपली की पाहुणे घरी जातात. वाढपी महिनोन्‌महिने तेथेच असतो.

तेव्हा, बंधुभगिनींनो, जहाजावरच्या जेवणाचा इतिहास म्हणजे नुसती पदार्थांची यादी नव्हे. लिंबाचा रस खलाशापर्यंत पोचायला वेळ लागला, पण पोचला. गरीब प्रवाशाला शिदोरीऐवजी टेबल मिळाले. हे सारे कोणीतरी विचारले, भांडले, कायदा केला म्हणून झाले. आपल्याकडची जुनी रीत अशी, की पंगत उठल्यावर यजमान आचाऱ्याला आणि वाढप्यांना विचारतो, "तुम्ही जेवलात का?" भर समुद्रातल्या त्या झगमगत्या पंगतीलाही हाच प्रश्न विचारायचा आहे. उद्या वर्गात टायटॅनिकची गोष्ट निघेल तेव्हा मुलांना बर्फाचा डोंगर जरूर सांगा, आणि त्याबरोबर हा प्रश्नही सांगा.