मिस्सेचे स्वदेशी रूप

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना देहूरोड स्टेशन लागते. तेथून तुकोबांचे देहू फार लांब नाही. वेदांचा अर्थ प्राकृतात सांगितला म्हणून तुकोबांना आपल्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, ही कथा त्याच परिसरातली. आणि याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. तो दिवस नाताळचा होता, हा निव्वळ योगायोग. परंतु या दोन स्मृती जवळ ठेवून पाहिल्या म्हणजे कॅथलिक समाजात मिस्सेच्या जुन्या व नव्या रूपांविषयी जो वाद चालत आला आहे, तो आपल्याकडील वाचकास तितका परका वाटत नाही.

मिस्सा ही कॅथलिकांची मुख्य उपासना. भाकर व द्राक्षारस अर्पून ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे आणि बलिदानाचे स्मरण तीत केले जाते. तिचा जो लॅटिन विधी आज परंपरागत म्हणविला जातो, त्यातील प्रार्थना पुष्कळ जुन्या आहेत. पण एकच पुस्तक सर्वत्र वापरावे हा दंडक पोप पाचवे पायस यांनी १५७० साली घालून दिला. दोनशे वर्षांहून जुने असे स्थानिक विधी तेवढे त्यांनी वगळले.

पुढे नऊच वर्षांनी, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री गोव्यास उतरला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी आहे, आणि स्वर्गास 'वैकुंठ' म्हणावयास त्यातील कवीस संकोच वाटत नाही. मिस्सा मात्र लॅटिनच राहिली. पुराण मराठी आणि पूजा लॅटिन, अशी ही वाटणी जवळजवळ साडेतीन शतके टिकली. मध्यंतरी १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने लोकांची बोलीच बंद करून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला, तो निराळाच अविचार. असो. लॅटिन कळत नसे म्हणून लोक भक्तीस मुकले, असे मात्र समजू नये. आपल्या घरच्या सत्यनारायणाच्या पूजेतील मंत्र तरी कितीजणांस कळतात?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा ठराव २१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. त्याने लॅटिन रद्द केली नव्हती. देशभाषांस दार उघडले होते. परंतु दार उघडताच लॅटिन बाहेर पडली. १९६९ च्या अखेरीस नवा विधी लागू झाला. पाद्री भाविकांकडे तोंड करून उभा राहू लागला, आणि वसईच्या देवळांतून मराठी मिस्सा ऐकू येऊ लागली.

त्याच वर्षी, २५ एप्रिल १९६९ रोजी, हिंदुस्थानातील बिशपांनी मागितलेल्या बारा फेरफारांस रोमने संमती दिली. जमिनीवर मांडी घालून बसणे, हात जोडणे, पंचांग प्रणाम, समया, फुले-धूप-दीप यांची आरती, झग्याऐवजी उपरण्यासारखे वस्त्र, असे ते फेरफार. हेतू स्वदेशीचा होता. विरोध मात्र दोन बाजूंनी आला. जुन्या वळणाचे कॅथलिक म्हणाले, हे ख्रिस्ती धर्माचे हिंदूकरण होय. काही ठिकाणी तर अन्य धर्मांचे ग्रंथही मिस्सेत वाचले जाऊ लागले, तेव्हा १९७५ साली रोमनेच त्यास आळा घातला.

दुसरा आक्षेप दलित ख्रिस्ती विचारवंतांचा. तो आम्हांस अधिक वजनदार वाटतो. नगर जिल्ह्यात १८७८ पासून जेसुइटांनी काम केले. तेथे बाप्तिस्मा घेणाऱ्यांत पूर्वास्पृश्यांचा भरणा मोठा होता. ज्या देवळांच्या गाभाऱ्यात त्यांच्या आजोबा-पणजोबांस पाऊल टाकू दिले नाही, तेथलीच समई, तेथलेच उपरणे आणि तेथलेच संस्कृत शब्द 'भारतीय संस्कृती' या नावाने पुन्हा त्यांच्यापुढे यावेत, हे कसे रुचावे? स्वदेशी खरे, पण देशातील कोणाचे? फेरफार सुचविणारे विद्वान सद्हेतूचे होते. तथापि त्यांची दृष्टी आश्रम व उपनिषदे यांवर होती, महारवाड्यावर नव्हती. मराठी भाषेस कोणी परकी म्हटले नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. अडले ते वर्गविशेषाच्या चालीरीतींपाशी.

जुन्या लॅटिन मिस्सेस पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली मोकळीक दिली व पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली ती पुन्हा आवळली. युरोप-अमेरिकेत त्यावरून केवढे वादळ उठले! आमच्या इकडे त्याचे पडसाद क्षीण आहेत. येथील भांडण लॅटिनशी कधी फारसे नव्हतेच.

नगर जिल्ह्यातच श्रीरामपूरजवळ हरेगाव आहे. सप्टेंबर महिन्यात तेथे मरियेची यात्रा भरते आणि दूरदूरच्या गावांतून लोक येतात. ते तिला 'मतमाउली' म्हणतात. रोमने मंजूर केलेल्या बारा कलमांत हे नाव नाही. 'माउली' हा शब्द आळंदी-देहूच्या वाटेवर वारकऱ्यांच्या तोंडी आहे.