चहा देणाऱ्यांची संस्था

१९३५ साली इंग्लंडमधल्या लिंकन गावी चॅड व्हारा या नवख्या पाद्र्याने पहिला दफनविधी केला, तो चौदा वर्षांच्या मुलीचा. पाळी सुरू झाली ती तिला गुप्तरोग वाटली. विचारणार कुणाला? तिने जीव दिला.

आत्महत्येच्या विचारात असलेल्यांचं फोनवर ऐकून घेणाऱ्या ‘समॅरिटन्स’ या संस्थेची कुळकथा सांगणारे इथूनच सुरुवात करतात. संस्था उभी राहायला मात्र पुढे अठरा वर्षं लागली. १९५३ मध्ये व्हारा लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये आले. आजूबाजूला सगळ्या बँका नि कचेऱ्या, राहणारी माणसं जवळपास नाहीतच. त्यामुळे पाद्रीबुवांना सवड होती. आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा तिकडे गुन्हा होता (तो कायदा गेला १९६१ मध्ये), म्हणजे संकटातल्या माणसाने पोलिसांना फोन करावा तरी कसा? अशांसाठी वेगळा फोन हवा, म्हणून व्हारांनी ‘मॅन ९०००’ हा नंबर मागायचं ठरवलं, तर चर्चच्या जुन्या फोनवरची धूळ पुसल्यावर नेमका तोच नंबर निघाला, असं ते सांगत. गोष्ट जरा जास्तच छान आहे. पण सांगणारा माणूस मुलांच्या ‘ईगल’ साप्ताहिकात चित्रकथा लिहून चार पैसे मिळवणारा होता. २ नोव्हेंबर १९५३ ला पहिला फोन आला. नाव ठेवलं ते ‘डेली मिरर’ने, वाटेत पडलेल्या परक्या जखमीला उचलणाऱ्या बायबलमधल्या शोमरोनी (इंग्रजीत ‘समॅरिटन’) माणसावरून.

खरी गंमत पुढेच. भेटायला येणाऱ्यांना सल्ला द्यायचे व्हारा. मदतीला आलेले लोक होते साधेच. बाहेर ताटकळणाऱ्यांना चहा द्यायचा, दोन शब्द बोलायचे, एवढंच त्यांचं काम. पण काही दिवसांत दिसू लागलं की चहा घेता घेता मन मोकळं केलेली बरीच मंडळी व्हारांना न भेटताच परत जातात. आत आलेल्यांपैकीही अनेकांना नंतर पुन्हा बाहेरच्या चहावाल्यांशीच बोलायचं असे. एखाद्या तज्ज्ञाला हे झोंबलं असतं. व्हारांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये फोन सरळ स्वयंसेवकांच्या हाती दिला. उपदेश करायचा नाही, धर्माचा विषय काढायचा नाही, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. माझ्या मते संस्था जन्मली ती त्या दिवशी.

१९६३ नंतर इंग्लंडमध्ये आत्महत्या झपाट्याने घटल्या आणि श्रेय समॅरिटन्सला मिळू लागलं. पुढे संशोधकांनी दाखवलं की मोठा वाटा होता घरोघरचा विषारी कोळसा-गॅस जाऊन नैसर्गिक गॅस आल्याचा. गौरवग्रंथांत हे सहसा वगळतात. वगळू नये. आकडा मुख्यतः त्यांच्यामुळे हलला नाही म्हणून रात्री दोनला कुणीतरी फोन उचलल्याचं मोल घटत नाही.

१९७४ मध्ये ‘बिफ्रेंडर्स इंटरनॅशनल’ निघाली आणि काम देशोदेशी गेलं. आपल्याकडे चेन्नईत १९८६ पासून चाललेली ‘स्नेहा’ याच गोतावळ्यातली. व्हारांचं मात्र उतारवयात स्वतःच्याच संस्थेशी बिनसलं. मरणाच्या दारातल्यांसाठी काढलेली संस्था आता सरसकट भावनिक आधार देत बसते, ही त्यांची तक्रार. २००७ मध्ये, पंच्याण्णवाव्या वर्षी, ते गेले. मला त्यांची तक्रार पटत नाही; कडेलोटाच्या आधीच कुणी बोलायला आलं तर त्याला परत कसं पाठवायचं?

२०१५ मध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३ हा नंबर फुकट झाला. ब्रिटन-आयर्लंडमध्ये शाखा दोनशेच्या आसपास, स्वयंसेवक वीस हजारांच्या वर. आता वाद पेटलाय तो याच शाखांवरून. इमारतींवर होणारा खर्च फोन उचलण्याकडे वळवायचा, म्हणून येत्या काही वर्षांत निम्म्याएक शाखा बंद करून मोजकी मोठी केंद्रं ठेवावीत, काहींनी घरूनच फोन घ्यावेत, असा प्रस्ताव २०२५ च्या जुलैत आला. हिशेब चुकीचा नाही. पण बऱ्याच स्वयंसेवकांना तो मान्य नाही: अवघड फोन ठेवल्यावर शेजारच्या खुर्चीत आपलं माणूस नको का?